साळवेबाईंच्या खुर्चीचा डावा हात

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते रूथबाई साळवे यांचं. बेलापूरच्या शाळेत त्या आम्हाला मराठी शिकवत. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि तो त्यांच्यामुळे. महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, सरोजताईचा, फोन आला तेव्हा मी राजूरच्या माझ्या शाळेत वर्गावर होतो. "आई सकाळी गेली रे..." ती म्हणाली. फळ्यावरचं अर्धं वाक्य तसंच सोडून मी बाहेर आलो.

बारावीनंतर वडील मला शेतात घेणार होते. बाई भर उन्हात चालत आमच्या वस्तीवर आल्या. वडील म्हणाले, "आमच्यात कुनी कालेजला गेलं न्हाई, बाई." बाई म्हणाल्या, "म्हणून तर मला यावं लागलं. कुणी गेला असता, तर त्यालाच पाठवलं असतं तुम्हाला समजवायला." वडील हसले, आणि माझं ठरलं.

नोकरी लागल्यावर बाईंसाठी काही करावं असं सारखं वाटे, पण त्या काही घेत नसत. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या बैठकीतल्या चामड्याच्या खुर्चीकडे माझं लक्ष गेलं. पश्चिमेच्या खिडकीतल्या उन्हानं तिचा तपकिरी रंग उडून ती मातकट झाली होती. बाईंचे यजमान, साळवेकाका, याच खुर्चीत बसून पेपर वाचत. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. "बाई, हिला मी नवी करून देतो," मी म्हणालो. "तुला येतं?" "त्यात काय यायचंय?" मी बूटपॉलिशच्या दोन डब्या आणल्या आणि घासून घासून खुर्ची चकचकीत केली. रविवारी चर्चमधली उपासना आटोपून पाळकसाहेब पांढराशुभ्र शर्ट घालून चहाला आले, खुर्चीत टेकून बसले, आणि उठले तेव्हा त्यांची अख्खी पाठ तपकिरी! बाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "मागून अगदी भाजलेल्या पावासारखे दिसताय." पाळकसाहेब माझ्याकडे वळले, "गुरुजी, खुर्चीचा रंग खुर्चीलाच राहू द्या की!"

मग श्रीरामपूरला गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या एका कारागिराला गाठलं. "पॉलिश कशाला फासलं, सर? आधी तेलकटपना काढा. तेलावर रंग बसत न्हाई," त्यानं बजावलं आणि चामड्याचा रंग दिला. गादीखाली, जिथं ऊन पोचलं नव्हतं, तिथं मूळचा रंग सापडला. त्याच्याशी नवा रंग जुळवून घेतला. स्पिरिटच्या बोळ्यानं चामडं पुसलं, स्पंजनं पातळ थर दिले, प्रत्येक थर वाळू दिला. पाठीवर वरच्या बाजूला तळहाताएवढा काळपट डाग होता. तो निघता निघेना. तासभर घासून मी तो काढलाच. संध्याकाळी फक्त डावा हात रंगवायचा राहिला होता. बाई आल्या, त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि वर नेऊन थांबवला... "छान झालीय," म्हणाल्या आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. सुट्टीला आलेली सरोजताई हळूच म्हणाली, "बाबांच्या डोक्याचं तेल होतं रे ते. आई रोज तिथं कपाळ टेकवायची."

उरलेलं उद्या करतो म्हणून मी निघालो आणि सकाळच्या गाडीनं थेट राजूर गाठलं. महिनाभर फोन करायचा धीर झाला नाही. शेवटी पत्र लिहिलं. ते मिळाल्यावर बाईंचाच फोन आला, "हात राहू दे तसाच. आणि तोंड लपवू नकोस, नाताळला जेवायला ये." गेलो. पुढं दर नाताळला जात राहिलो. त्या डागाविषयी आम्ही कधी बोललो नाही. बाई मात्र आता खुर्चीशेजारी स्टूल ओढून, तिच्या फिक्या डाव्या हातावर आपला हात ठेवून बसत.

अंत्यविधीनंतर घरात बसलेल्यांपैकी कुणी तरी म्हणालं, "एक हात रंगवायचा राहिलाय की. कारागीर पळून गेला वाटतं."

"पळालाच होता," सरोजताई म्हणाली, "पण पत्र पाठवलं त्यानं."

निघताना तिनं ते माझ्या हाती दिलं.

"आदरणीय बाई, नमस्कार. तो डाग मी तुम्हाला न विचारता काढला. कशाचा आहे, एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. तुम्ही रागावला नाहीत, हे मला फार लागलं. ते तेल आता मला परत आणता येणार नाही. खुर्चीचा डावा हात अजून रंगवलेला नाही. त्याच्या मधोमध चामडं झिजून गुळगुळीत झालंय. पेपर वाचताना काकांचं कोपर तिथं टेकायचं का? तसं असेल तर मी त्याला हात लावणार नाही. तुम्ही सांगाल तसं करीन. तुमचा विद्यार्थी, भानुदास."