फऱ्यावरचा हात

बुधाजी मिस्त्री छताला गिलावा करायचा आणि त्याची बायको चतुराबाई खालून मालाचं घमेलं द्यायची. बार्शीटाकळीहून सकाळच्या गाडीने दोघं अकोल्याला यायची. मान मागे टाकून, हात डोक्यावर धरून दिवसभर थापी चालवणं भल्याभल्यांना जमत नाही. बुधाजीची उमर त्यातच गेली.

जुन्या शहरातल्या एका कामावर मजूर आले नाहीत, म्हणून सिमेंटच्या गोण्या त्यानेच खांद्यावरून वर चढवल्या. त्यानंतर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. आंघोळीला बसला असताना पाठ चोळता चोळता चतुराबाई दचकली. त्याने हात भिंतीला टेकवला होता आणि उजवा फरा, खांद्यामागचं ते चपटं हाड, पाठीपासून सुटून बाहेर आला होता.

"हे काय झालं तुमाले?"

"मले कुठं मागचं दिसते!"

सरकारी दवाखान्यातल्या दामिनी मॅडमनी त्याला सदरा काढायला लावला. "हात एकट्या खांद्याने वर जात नाही, बाबा. हा फरा बरगड्यांवरून फिरतो, म्हणून जातो. त्याला धरणाऱ्या स्नायूची नस ओझ्याने दबली आहे." त्यांनी तळव्याने फरा दाबून धरला. बुधाजीचा हात सरळ वर गेला. त्याचे डोळे भरून आले. मॅडमनी तळवा काढला, तसा हात खाली आला.

"नस येईन का परत?" चतुराबाईने विचारलं.

"येते कधीकधी. वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर वरचं काम बंद."

दुसऱ्या दिवशी कामावर चतुराबाई त्याच्यासोबत परांचीच्या फळीवर चढली. त्याच्या मागे उभी राहून तिने दोन्ही तळव्यांनी फरा दाबला. बुधाजीने थापी मारली. माल छताला धरला. खाली मजूर हसले, मग मान वर करून बघत राहिले. दुपारपर्यंत तिचे हात बधिर झाले, फळी हलू लागली.

"उतरा दोघंबी!" ठेकेदार कुलदीप ओरडला. "पडले तं माह्या गळ्यात याल."

"एवढी खोली होऊ द्या, साहेब."

"काहून ऐकून नाही राहिली तू?"

ती दोघं उतरेपर्यंत त्याने स्वतः फळी धरून ठेवली.

दोन वर्षं उलटली, नस आलीच नाही. चतुराबाई आता देवमन मिस्त्रीच्या हाताखाली जाते. बुधाजी घरी डाव्या हाताने भाकरी थापतो. ती कोणाला माल देते, हे त्याने अजून विचारलेलं नाही. तिनेही सांगितलेलं नाही.