तेल न लागणाऱ्या मुलखातलं चॅप्टर

आमच्या चॅप्टरच्या कपाटात तीन वर्षांत दोनच ढाली जमल्या. एक जिंकलेली, अन् एक चुकून आमच्या बॅगेत आलेली. किस्से मात्र इतके साठलेत की कपाटाला दार लावायचं तर गुडघा टेकवावा लागेल! आता जिवाला जरा थारा मिळालाय, म्हणून त्यातले थोडे काढते.

मी राजश्री, चाकूरची. नांदेडला पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चॅप्टर म्हणजे पेट्रोलियम इंजिनिअरांच्या संघटनेची आमच्या कॉलेजातली विद्यार्थी शाखा अन् मी तिची सेक्रेटरी. सेक्रेटरी कशी झाले, तर मीटिंगमध्ये "कोण होणार?" असं सरांनी विचारलं, सगळे खाली बघत बसले, तेवढ्यात कुणाच्या तरी हातून डस्टर पडलं. मी दचकून उभी राहिले. अफरोज, म्हणजे आमचा देगलूरचा प्रेसिडेंट, लगेच ओरडला, "बघा सर, राजश्री तयारच आहे!"

टाळ्या पडल्यावर परत बसता येत नाही.

त्याच मीटिंगमध्ये विभागप्रमुख सरांनी बजावलं, "दोन वर्षं चॅप्टरनं काही केलेलं नाही. यंदा चार कार्यक्रम झाले पाहिजेत. चौथ्याला संघटनेचे पाहुणे मुंबईहून येतील. ते म्हणाले चालू, तर चालू. नाहीतर या खोलीत टेबल टेनिस!"

खोलीचं मला एवढं नव्हतं. पण उन्हाळ्यात खऱ्या रिगवर, म्हणजे तेलाची विहीर खोदणाऱ्या यंत्रावर, ट्रेनिंगला जायचं पत्र चॅप्टरमार्फतच मिळतं. आमचा सगळा मुलूख काळ्या दगडावर बसलेला. तेल नाही, म्हणून तेलाची रिगही नाही. तीन वर्षं जे शिकले ते फक्त चित्रात पाहिलेलं. चॅप्टर गेलं की माझी रिग गेली.

* * *

पहिला कार्यक्रम लातूरला, कृषी प्रदर्शनात स्टॉल. आम्ही सायकलच्या तारा जोडून रिगचं कमरेएवढं मॉडेल केलं होतं. शिरूर अनंतपाळचे एक काका आले, मॉडेलभोवती फिरले आणि म्हणाले, "फुटाला काय रेट लावता?"

अफरोज म्हणाला, "काका, हा पाण्याचा बोअर नाही. तेलाचा आहे. तीन हजार मीटर खाली जातो."

"तीन हजार! अन् मधी पाणी लागलं तर?"

"तर आमचं वाटोळंच झालं समजा."

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. मग अफरोजच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबा, मग माझ्याच रानात ये की! पाच बोअर मारले, थेंब न्हाई. तुमच्यासारख्यासाठी लई बेस जागा हाय!"

* * *

दुसरा कार्यक्रम ऑनलाइन व्याख्यान. आमचे एक सीनियर समुद्रातल्या रिगवर नोकरीला आहेत, ते तिथून बोलणार होते. प्रोजेक्टर लावायला बालाजीमामा थांबले होते. मामा म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई. मुदखेडहून रोज सकाळच्या गाडीनं येतात आणि गाडीला उशीर झाला की आमच्यावर रागावतात.

सीनियरनं मोबाइल फिरवून चारी बाजूंचा समुद्र दाखवला. निळं पाणी, वर निळं आभाळ, मध्ये ती प्रचंड रिग. सगळा वर्ग गप्प झाला. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

त्या शांततेत मागून मामांचा आवाज आला, "चहूकडं पाणीच पाणी, अन् हा तिथं बोअर घेऊन राहिलाय? ह्याला कुणी सांगितलं न्हाई का?"

सीनियरचा माइक चालू होता. व्याख्यान दहा मिनिटं पुढे सरकलं नाही.

* * *

तिसरा कार्यक्रम नरसाळ्याचा. रिगवर भोकात जो पातळ चिखल फिरवतात, त्याचा दाटपणा एका मोठ्या नरसाळ्यानं मोजतात. माप भरायला किती सेकंद लागले ते बघायचं. साध्या पाण्याला सव्वीस. पहिल्या वर्षाच्या पोरांनी स्पर्धेत माती कालवली, मोजली आणि बक्षिसं घेतली. सगळं सुरळीत झालं, म्हणून मला संशय येतच होता.

जाताना अफरोजनं नरसाळं धुऊन मेसमध्ये नेलं अन् वरण मोजलं. सत्तावीस सेकंद! पाण्याला फक्त एक सेकंद जड! त्यानं रीतसर रिपोर्ट बनवून मेसच्या दारावर चिकटवला. खाली सेक्रेटरी म्हणून माझी सही. मी ती केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मेसवाल्या सुमनकाकूंनी मला नावानं हाक मारली. माझ्या हातातलं ताट निसटलंच. काकूंनी पातेलं पुढं ठेवलं, त्यात पळी उभी होती, धरल्याशिवाय.

"काल पातळ म्हणलीस ना माय? आज मोज! न्हाई मोजता आलं तर सुरीनं काप अन् खा!"

आठवडाभर सगळ्या होस्टेलनं वरण चावून खाल्लं. माझ्याशी कुणी बोलेना.

* * *

हा किस्सा चौथ्या कार्यक्रमाच्या तयारीतला. तेलाच्या नमुन्यांच्या बाटल्या सोडल्या तर पाहुण्यांना दाखवायला आमच्याकडे एकच खरी वस्तू होती. एका माजी विद्यार्थ्यानं दिलेला, दोन हजार मीटर खोलवरून काढलेला वाळूच्या खडकाचा गोल तुकडा. कपाट उघडलं तर तुकडा गायब! मी घामानं चिंब. अफरोज म्हणाला, "राजश्री, रडू नको यार, चोर दगड कशाला नेईल?"

सगळी खोली उपसली. शेवटी पाणी प्यायला पँट्रीत गेले तर मामा सरांच्या चहासाठी आलं ठेचत होते. त्याच तुकड्यानं.

"मामा!"

"काय वरडतीस पोरी! चांगला हाताला बसतो हा दगड. तीन महिने झाले."

मग उलगडलं, की सरांचा चहा दिवाळीपासून दाताखाली कचकच का करत होता! सर चहाची पावडर तीनदा बदलून बसले होते.

मी तुकडा साबणानं घासला, उन्हात ठेवला, तरी आल्याचा वास जाईना. भीत भीत सरांकडे नेला. सरांनी तो नाकाशी धरला अन् ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावर ठेवून म्हणाले, "खडक सच्छिद्र असतो म्हणजे काय, हे दरवर्षी तुम्हाला कळत नाही. पुढे द्या. वास घ्या."

* * *

आणि मग चौथा कार्यक्रम, पाहुण्यांसमोर वर्षाचा अहवाल अन् नमुन्यांचं प्रदर्शन.

त्याआधी आमचा एक नियम सांगते. रिगवर असतो तोच. प्रत्येकाजवळ एक लाल कार्ड. धोका दिसला की ते वर करायचं, की काम जागच्या जागी थांबतं. कार्ड दाखवणारा साहेब असो की शिकाऊ, आधी हात थांबवायचे, 'का?' नंतर विचारायचं. चॅप्टरमध्ये ते कार्ड सगळ्यात जास्त मीच वापरलंय. डुगडुगणाऱ्या स्टुलासाठी, चालू राहिलेल्या इस्त्रीसाठी आणि एकदा पालीसाठी. पाल धोक्यात धरत नाहीत, हे मला नंतर कळलं.

म्हणून त्या सकाळी सर मुद्दाम माझ्याजवळ आले. "राजश्री, आज ते कार्ड बाहेर काढायचं नाही. विनंती समज."

पाहुणे आले. पांढरे केस, तीस वर्षं रिगवर काढलेले, हसणं बेताचं. मी अहवालाची अकरा पानं पाठ केली होती अन् त्यातलं पहिलं वाक्य विसरले होते. समई विझू नये म्हणून पंखे बंद केलेले, खिडक्या लावलेल्या. समईला लागूनच टेबल. पाहुण्यांच्या नजरेत भरावं म्हणून अफरोजनं त्यावर तेलाचे नमुने मांडलेले. त्यातली एक बाटली अगदी हलक्या तेलाची, पेट्रोलसारखं उडून जाणाऱ्या.

पाहुण्यांनी काडेपेटी घेतली. मी शेजारी ताट धरून उभी. तेवढ्यात दिसलं, की त्या बाटलीचं बूच तिरकं आहे अन् खाली टेबलक्लॉथवर ओला गोल डाग पडलाय. तो वास आमच्या खोलीत रोजचाच, म्हणून कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

ओरडायला वेळ नव्हता. काडी पेटीला टेकली आणि माझा हात वर गेला. हातात लाल कार्ड.

मागून कुणीतरी म्हणालं, "पाल असंल!" हशा पिकला. सरांनी डोळे मिटून घेतले. माझ्या डोळ्यांपुढून रिग, पत्र, सगळं गेलं.

पाहुण्यांनी काडी परत पेटीत ठेवली. पेटी खिशात घातली. दोन्ही हात मोकळे करून दाखवले आणि मग विचारलं, "काय दिसलं?"

मी नुसतं बोट केलं. ते वाकले, हुंगलं, मान वर करून बंद पंख्याकडे पाहिलं.

"सगळे बाहेर. शांतपणे. कुणी बटणांना हात लावायचा नाही, ठिणगी उडते."

मामांनी खिडक्या उघडल्या. समई लिंबाखाली पेटवली. वाऱ्यात सात काड्या गेल्या. सर ओंजळ धरून, पाहुणे फाइल आडवी धरून. माझा अहवाल कुणी मागितलाच नाही. पाहुण्यांनी जाताना अफरोजकडून पेन घेतलं, फॉर्म भरला, सरांच्या हातात दिला अन् गाडीत बसले.

सरांनी वाचला आणि माझ्याकडे दिला. अफरोजनं तो माझ्या हातातून ओढून घेतला अन् मोठ्यानं वाचून दाखवला.

"कार्यक्रम पहिला: झाला. दुसरा: झाला. तिसरा: झाला. चौथा: सेक्रेटरीनं थांबवला. चॅप्टर चालू ठेवावे."