लाल रिबन

गरम इस्त्री ओलसर सुती कापडावर फिरली, की त्या वासासरशी मला वाडीचं आमचं बालगृह आठवतं. शहरातला एक क्लब त्याला मदत करायचा. ब्लँकेटं द्यायचा, वह्या द्यायचा, आणि हिवाळ्यातल्या एका रविवारी क्लबच्या सभासदांची घरं आम्हा मुलींना एकेकीला जेवायला न्यायची. त्या वर्षी मला एक काकू घेऊन गेल्या. अंगणात ऊन पसरलं होतं, कढईत कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या जात होत्या. "घे वं अजून, लाजू नको," म्हणत त्यांनी आग्रहानं वाढलं. मग पायरीवर बसवून माझ्या डोक्याला तेल लावलं, वेण्या घातल्या. माझा गुंता इतक्या हळू हातानं तोवर कुणी सोडवला नव्हता. निघताना मी एका वेणीची लाल रिबन सोडून त्यांच्या सोफ्याच्या उशीखाली सरकवली. ती सापडली की काकू मला बोलावतील, एवढाच माझा हिशोब. आठवडाभर बालगृहासमोरच्या अमरावती रोडवर ट्रकच्या गर्दीतून एखादी कार वळली, की मी फाटकाशी धावायचे. शेवटी क्लबचा शिपाई आला. आम्हाला सांभाळणाऱ्या ताईंनी पाकीट माझ्या हातात ठेवलं. "पाह्य किती चांगल्या बाई आहेत, तुही रिबन धुऊन, इस्त्री करून पाठवली!" मी ती नाकाशी धरली. तेलाचा वाससुद्धा उरला नव्हता. आता माझ्या घरी कुणाचं पोर काही विसरून गेलं, तर मी ते पाठवत नाही. फोन करते आणि म्हणते, "ये नं, घेऊन जाय."