पेन्सिलीतली नोंद

नागपूरहून जबलपूरची बस सकाळी पकडली, तेव्हा माझ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहायचं उरलं होतं: आकाशातून येणारे किरण मोजून मोठा पुरस्कार मिळवलेल्या एका मराठी शास्त्रज्ञांचं. सिवनीला कुणीतरी धक्का दिला नि अख्खा चहा शर्टावर! चिडचिडतच जबलपूरच्या रांझी भागात उतरलो.

फॅक्टरीच्या क्वार्टरांमागच्या घरात वानखडेकाका खाटेवर पडून होते. वीस वर्षं ते त्या शास्त्रज्ञांचे, म्हणजे सरांचे, सहायक. आता फुप्फुसं गेलेली. त्यांची मुलगी सुनंदा. तिनं खोव्याची जिलेबी (काळपट, जाडजूड, इथली खासियत) पुढे ठेवली.

"कुंडमच्या जंगलात आपली मोजणीची खोली होती न," काका धापा टाकत म्हणाले. "विजा कडाडल्या की किरणांचा आकडा चढे. पहिल्यांदा म्याच पाहिलं. सर म्हणाले, यंत्र बिघडलं, साफ कर. तीन दिवस साफच करून राहिलो. चौथ्या दिवशी सरांनी स्वतः पाहिलं. त्याच शोधावर पुरस्कार मिळाला."

"भैया, पुस्तकात बाबांचं नाव येईल न?" सुनंदानं दारात विचारलं. "डॉक्टर म्हणतात, आता जास्त दिवस नाहीत."

"सरांकडची मोजणीची वही बघतो, त्यात नोंद असेल," मी म्हणालो.

सर राहतात जबलपुरातच, चेरीतालला. ऐंशी ओलांडलेत, पण वही स्वतः उठून काढली. पानन् पान निळ्या शाईत, सरांच्याच अक्षरात.

"वानखडे पेन्सिलीनं आकडे लिहायचा. सकाळी मी तपासून त्यावर शाई फिरवायचो. मग खालची पेन्सिल तोच खोडायचा. आमची पद्धतच होती ती."

अरे देवा! आपला पुरावा माणसानं रोज आपल्याच हातानं पुसला होता.

"पण सर, आधी दिसलं कुणाला?"

त्यांनी वही मिटली.

"त्याला. पण मी गेल्यावर लिहा. शब्द द्या."

मी दिला. एवढा मोठा माणूस समोर; भीड पडली, दुसरं काय!

बसस्टँडवर सुनंदाचा फोन आला. "बाबा विचारून राहिले, वहीत सापडलं का?"

"वहीत नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं, आणि त्या खऱ्याआड मी लपलो.

"अच्छा. चलो, सांगते त्यांना."

पाचव्या दिवशी काका गेले. सर आहेत, ठणठणीत आहेत, नि त्यांना दिलेला शब्द मी इथे मोडतो आहे: विजांबरोबर चढणारा आकडा पहिल्यांदा वानखडेकाकांनी पाहिला. हेच त्या दिवशी फोनवर बोललो असतो, तर ऐकायला काका होते.