रांगेत अडकलेला आवाज

अपेक्षा बिबवेवाडीतल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत नेटवर्क सांभाळायची. कुणाकडे कॉल तुटतात, कुठे लाइन तुंबते, हे शोधायचं तिचं काम. माहेर पुण्याजवळच्या मांजरी गावचं. कामावरून सुटली की ती वडिलांना, हिंमतरावांना, व्हिडिओ कॉल करायची.

त्या संध्याकाळी पडद्यावर बाबांचं हसू थिजलं. हे नेहमीचंच, म्हणून ती आपली बोलत राहिली. मग एकदम आवाज आला, "पोरी, आईला हाक मार गं. छातीत कळ आलीया." चित्र अजून हसतच होतं. तिनं हाका मारमारून घसा कोरडा केला, पण पलीकडून काहीच नाही.

आई गोठ्यात होती. अपेक्षानं फोन केल्यावर वरच्या मजल्यावरचा चुलतभाऊ दिग्विजय धावत खाली आला. काका जमिनीवर पडले होते. त्यानं त्यांना उचलून गाडीत घातलं, पण दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं.

"झटका मोठा होता. आधी कळलं असतं तरी फरक पडला नसता," डॉक्टर म्हणाले. अपेक्षानं मान हलवली. पण तो आवाज तिचा पिच्छा सोडेना. भाजी निवडताना, सिग्नलला उभी असताना तो कानात उठायचा. तो तिच्यापर्यंत आला तेव्हा बाबा कोसळलेले असणार. मग मधल्या वेळात तो होता कुठे?

दिवसकार्य उरकल्यावर ती लॅपटॉप घेऊन बाबांच्या खोलीत बसली. माहितीचं एक छोटं पुडकं, पॅकेट, पाठवायचं आणि उत्तर किती वेळात येतं ते मोजायचं, ही तिची रोजची रीत. नेट मोकळं असताना उत्तर लगेच आलं. मग तिनं मुद्दाम एक मोठा व्हिडिओ नेटवर चढवायला लावला, आणि उत्तराला लागणारा वेळ वाढतच गेला. घरभर नेट पुरवणारा फळीवरचा राऊटर काहीच टाकून देत नव्हता. येईल ते रांगेत घेत होता, आणि आवाजाची चिमुकली पॅकेटं त्या अवजड मालामागे ताटकळत होती.

आवाज हरवला नव्हता. बाबांच्या डोक्यावरच्या फळीवर, त्या खोक्यात, तो उभा होता. तिला खोलीत एकटं बसवेना.

दारात दिग्विजय येऊन उभा राहिला. त्या दिवसापासून तो धड जेवत नव्हता.

"ताई, तवा मी ह्याच नेटवर आपल्या तनयाच्या साखरपुड्याचा व्हिडिओ चढवत होतो," तो म्हणाला. "त्यानंच तर काकांचा आवाज अडकला न्हाई ना..."

तिनं पडद्यावरची, वाढता वेळ दाखवणारी चढती रेघ पाहिली, मग त्याचा चेहरा.

"न्हाई रे. खोकंच जुनं हाय," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

तो तिथंच उंबऱ्यावर बसून रडला.

नंतर तिनं तो राऊटर बदलला. रांग फुगायच्या आधीच काही पॅकेटं टाकून द्यायची, म्हणजे पाठवणारा फोन आपोआप दमानं घेतो. आणि आवाजाला पुढं जाऊ द्यायचं, अशी व्यवस्था लावली. पुढे साहेबांशी वाद घालून कंपनीच्या सगळ्या ग्राहकांकडे तीच करून घेतली. कॉल अडकल्याच्या तक्रारी खूपच कमी झाल्या.

स्वतः मात्र ती आता घरी कॉल करत नाही, मांजरीला जाते. जेवताना आई बोलून थांबली, की अपेक्षाचा घास हातातच राहतो. अजून काही यायचं असेल म्हणून ती कान देऊन बसते. आई विचारते, "काय गं, काय ऐकतीस?"

"काही नाही," ती म्हणते.