अजून उंदरांवरच

मुरुडच्या एसटीत तो रोज सकाळी माझ्या शेजारी बसायचा. त्याच्या प्रयोगशाळेत एक उजळणारं पॉलिमर बनवत होते; त्यामुळं कॅन्सरची गाठ चकाकून दिसते आणि वरून प्रकाश सोडला की जळते, म्हणे. औषध कधी मिळणार, असं कुणीही विचारलं की तो डब्याच्या कडीशी चाळा करत हळूच सांगायचा, "अजून उंदरांवरच हाय."

परवा मी म्हटलं, "तुमच्या औषधासाठी बायकोच्या गाठीचं ऑपरेशन थांबवलंय."

कडीचा आवाज बंद झाला. "कधीपासून?"

"दोन महिने झाले."

कधी आवाज न चढवणारा तो माणूस उठला आणि कंडक्टरच्या घंटीची दोरी त्यानंच ओढली. "दादा, उतरा. वाट बघायला आमचे उंदीर हायत. वहिनींना आजच हॉस्पिटलात न्या."

मी उतरलो. वळून पाहिलं, तर तोही उतरला होता.