वॉटरप्रूफ पिकअप

"गिटार बोलंना झालीया," असं अण्णाने निपाणीहून फोनवर सांगितलं तेव्हा मी बेळगावात आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत वाळवी लागलेल्या पुस्तकांची यादी करत होतो. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेती करतो, आणि तीसेक वर्षं एका संगीत पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. आमच्याकडे जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, पंचकल्याण पूजा असली की मंडपाच्या एका बाजूला अशी पार्टी बसते. सकाळपासून अभिषेक, पूजा, आरती, आणि प्रत्येक गोष्टीला गाणं. अर्धी मराठीत, अर्धी कानडीत.

"मग दुरुस्त करून घे," मी म्हणालो.

"घेतली की. तवापास्नं तर लईच बोलंना."

या वाक्यातच मी सावध व्हायला हवं होतं. पण आमच्या घरात मी शिकलेला, आणि शिकलेल्या माणसाला विचारून काम बिघडवण्याची पद्धत नाही. आधी बिघडवायचं, मग विचारायचं.

बिघडला होता तो पिकअप. गिटारीच्या तारांखाली बोटाएवढी एक पट्टी असते. तिच्यात सहा लोहचुंबक, आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची तार थरथरली की खालच्या वेढ्यांत वीज थरथरते आणि स्पीकरमधून आवाज येतो. तार कुठेही तुटली की गिटार म्हणजे लाकडाची फळी. अण्णाच्या पिकअपची तार घामाने आणि मंडपातल्या ओलीने आतून खाल्ली होती.

आणि अण्णाने तो पिकअप नेला होता मोटर वाइंडिंगवाल्याकडे.

निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात गुंडाळलेली तांब्याची तार जळाली तर माणूस दुसरीकडे जाणार तरी कुठे? विहिरीवरची मोटर जळाली की तिथेच जातात, मिक्सर जळाला की तिथेच जातात. वाइंडिंगवाल्याने पिकअप उलटसुलट बघितला, म्हणाला, "ही तर बारकी मोटरच हाय," आणि त्याच्याकडे असलेली सगळ्यात बारीक तार, म्हणजे पंख्याची, त्यावर शिस्तीत गुंडाळून दिली. त्या तारेचे मावून मावून काही शे वेढे मावले असतील. मग रिवाजाप्रमाणे वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजला.

"गॅरंटी दिलीया त्यानं," अण्णा सांगत होता. "पाण्यात सोडला तरी जळणार न्हाय म्हनाला."

"तू विहिरीत बसून वाजवणार आहेस का?"

"चेष्टा करू नगंस. आप्पा काय म्हनाल्यात ठाऊक हाय? तालमीच्या दिवशी गिटार वाजली तर वाजली, न्हायतर कीबोर्डवर गिटारचं बटन हाय, त्येच्यावर भागवू."

आप्पा म्हणजे पार्टीचे म्होरके. पूजा तीन आठवड्यांवर होती, चिकोडीजवळच्या एका गावात. मग अण्णा म्हणाला, "एकदा का बटनावर भागलं, की मग मला बलिवतंय कोण?"

ते मात्र खरं होतं. ढोलकीवाला असाच गेला होता. एकदा आजारी पडला, बटणावर भागलं, आणि बरा झाल्यावर त्याला कुणी निरोपच पाठवला नाही. अण्णाची वर्षभराची मजा म्हणजे या पाच-सात पूजा. बाकीचे दिवस ऊस आणि तंबाखू. मी म्हटलं, पाठवून दे.

पार्सल आलं. पिकअप भाजलेल्या वांग्यासारखा दिसत होता.

बेळगावात गिटारीचं सामान विकणारं एक दुकान आहे. गिऱ्हाईक कमी आणि जाणकार जास्त, असं ते दुकान. मी गेलो तेव्हा दोन जाणकार हजर होते. एकाने केसांची शेंडी बांधली होती, दुसरा बँकेत नोकरीला होता आणि जेवणाच्या सुट्टीत आला होता. मी एवढंच विचारलं, की असा पिकअप मिळेल का. पुढचा पाऊण तास मला बसायला स्टूल मिळालं, उत्तर मिळालं नाही.

शेंडीवाल्याचा जीव हंबकर नावाच्या पिकअपवर. त्यात दोन गुंडाळ्या शेजारीशेजारी, एकमेकींच्या उलट बसवलेल्या असतात, त्यामुळे विजेची घरघर एकमेकींत मरते आणि सूर जाडजूड येतो. "सर, क्रीम! नुसतं क्रीम!" तो डोळे मिटून म्हणाला. बँकवाला सिंगल कॉइलचा. एकच गुंडाळी, अण्णाच्या गिटारीत असते तशी. सूर पातळ, पण काचेसारखा लख्ख. कितीही वाद्यं असली तरी त्यातून वर येतो. "हंबकरला कांबळं पांघरलेलं असतं," तो म्हणाला. शेंडीवाला म्हणाला, "आणि तुमच्याला सर्दी झालेली असते." मग साबणाच्या वडीसारखा दिसणारा एक तिसरा प्रकार निघाला. तो या दोघांच्या मधला, जरा खरबरीत, आणि तो आवडणारे लोक म्हणे वेगळेच असतात. ते हजर नव्हते, याबद्दल मी मनातल्या मनात आभार मानले.

निपाणीच्या बाजारात तंबाखूचे व्यापारी पान चुरगाळून हुंगतात आणि कुठल्या शिवारातलं ते सांगतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय. त्यांतले निम्मे खरंच ओळखून सांगतात, निम्मे समोरच्याचा चेहरा बघून सांगतात. इथे तसंच होतं. शेंडीवाल्याने अमुक जातीचा चुंबक, तमुक काळची तार, बाहेरच्या देशातून मागवा, असं सुरू केलं. "दीड महिन्यात येईल."

"पूजा तीन आठवड्यांवर आहे."

"मग पूजा पुढं ढकला. टोनसाठी माणसं आयुष्य घालवतात, सर."

बँकवाल्याने मात्र तो भाजलेला पिकअप हातात घेतला, नखाने वार्निश खरवडलं आणि म्हणाला, "चुंबक शाबूत आहेत. तार तेवढी नवी गुंडाळायची. पण यंत्रासारखी ओळीने नको. जुने पिकअप लोकांना का आवडतात? ते बायकांनी हाताने गुंडाळलेले असायचे. हात हलायचा, वेढे वाकडेतिकडे पडायचे, मधे जरा फट राहायची. त्यानेच सूर मोकळा येतो. फार नीट गुंडाळलं की घुसमटतो."

हे ऐकून मला खरंच वैताग आला. म्हणजे इतका वेळ ज्याला दैवी टोन म्हणत होते तो कुणाच्या तरी हाताचा हलगर्जीपणा होता. तरी मी घरी येऊन दोन-तीन पुस्तकं उघडली, चार ठिकाणी वाचलं, आणि दुर्दैवाने त्याचं म्हणणं बरोबर निघालं. मी बंगळूरहून बारीक तारेचं रीळ मागवलं. आता हाताने गुंडाळणार कोण, हा प्रश्न होता. मी स्वतः बसलो. सहा वेळा तार तुटली. सातव्या वेळी तुटली नाही, कारण मी रीळच खाली पाडलं.

मी बेळगावातल्या शहापुरात राहतो. आमच्या बोळात सकाळी उठल्यापासून मागांचा आवाज, आणि खिडकीसमोर एक आक्का दिवसभर रहाटावर कांड्या भरते. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची छोटी नळी. बारा वर्षं मी त्या रहाटाच्या घरघरीविरुद्ध मनात तक्रारअर्ज लिहीत आलो होतो. तिच्याकडे माझं लक्ष जायला ते रीळ हातातून पडावं लागलं.

आक्काने तार दोन बोटांत धरून उजेडात बघितली. "रेशमापरीस बारीक हाय की हो सर. ह्येचं लुगडं विनायचंय व्हय?"

"गिटारीत बसवायची आहे."

"बसवा बाई. तुमचं तुमाला ठाऊक."

मी तिला बँकवाल्याचं सगळं ज्ञान सांगितलं. सात-आठ हजार वेढे, तार ताणायची नाही, सैल सोडायची नाही, ओळीने घालायची नाही. वेढे मोजायला मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. तिने पिकअपचा सांगाडा रहाटाच्या चातीला, म्हणजे फिरणाऱ्या दांडीला, चिकटपट्टीने बसवला, रहाटाला जोडलेली शिवणयंत्राची मोटर पायाने चालू केली, आणि माझ्या वहीत बारा रेघा होईस्तोवर शेकड्यांनी वेढे निघून गेले.

"थांबा, थांबा! मोजायचंय!"

"मोजतंय कोण? भरलं की कळतंय."

"कसं कळतं?"

"आता तुमाला पोट भरल्यालं कसं कळतंय? घास मोजतासा व्हय?"

दोनदा तार तुटली. दोन्ही वेळा मी बोललो म्हणून, असं तिने स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या वेळी मी दारात जाऊन उभा राहिलो. तिचं बोट तारेवर इतकं हलकं होतं की धरलंय की नुसतं दाखवतंय ते समजत नव्हतं. हात डावी-उजवीकडे जात होता, पण रांगेने नाही, शेजारणीशी चाललेल्या गप्पांच्या लयीत. शेजारीण सुनेबद्दल काही बोलली की हात जरा जोरात जायचा. टोनसाठी आयुष्य घालवणाऱ्या माणसांनी ही सून कुठे गाठायची?

गुंडाळी मेणात बुडवावी लागते, नाहीतर मोठ्या आवाजात शिट्टी मारते. ते मी घरी केलं, दूध तापवायच्या पातेल्यात. त्यावर घरातून जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

तालमीच्या दिवशी मी स्वतः चिकोडीला पिकअप घेऊन गेलो. देवळामागच्या हॉलमध्ये पार्टी जमली होती. कीबोर्डवाला आधीच गिटारच्या बटणावर बोट ठेवून बसला होता. त्याचं चुकत नव्हतं, त्याला तसं सांगितलं होतं. अण्णाने पिकअप बसवला, वायर खुपसली आणि एकच तार छेडली.

तो सूर मी ओळखला. मी लहान असताना परसात कडबा रचलेला असायचा, अण्णा सरावाला बसला की त्याच्याआडून यायचा तोच. अण्णाने दुसरी तार छेडली, तिसरी छेडली, आणि मग एक आरतीची ओळ काढली.

"छलो," आप्पा म्हणाले. छलो म्हणजे छान; ते खूश झाले की कानडीत जातात. पण लगेच कान टवकारून म्हणाले, "पर त्ये घूंऽऽ काय वाजतंय पाठीमागं?"

घरघर होती. सिंगल कॉइलला असतेच. दिव्यांची, पंख्यांची, सगळी वीज ती ऐकत बसते. मला हे ठाऊक होतं, शेंडीवाल्याने बजावलंही होतं, आणि मी सांगायचं विसरलो होतो. कीबोर्डवाल्याने बटण दाबून दाखवलं. स्वच्छ गिटार, घरघर नाही, जीवही नाही. आप्पांनी एकदा तिकडे बघितलं, एकदा अण्णाकडे.  इतके दिवस, एक रीळ आणि दुधाचं पातेलं, सगळं त्या घूंमध्ये बुडणार असं वाटलं.

अण्णाने खुर्ची उचलली. जरा डावीकडे वळून बसला, मग आणखी जरा. एका जागी आल्यावर घरघर नळ बंद करावा तशी थांबली.

"हितं बसायचं," तो म्हणाला. "लायटीचा बोर्ड कुठं हाय ते बघून बसायचं. मी कायम असाच बसतोय की."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो कायम असाच बसायचा, वाकडा, अर्धा पार्टीकडे आणि अर्धा मंडपाच्या दुसऱ्या टोकाकडे. लायटीचा बोर्ड बहुतेक गावांत पार्टीच्या बाजूलाच असतो, त्यामुळे वाकडं बसलं की तोंड आपोआप त्या दुसऱ्या टोकाच्या मूर्तीकडे व्हायचं. आणि तीस वर्षं आमच्या पट्ट्यातल्या गावागावांत बोललं जायचं, की पार्टीतला गिटारवाला काय भक्तीचा माणूस, वाजवतानासुद्धा देवाला पाठ दाखवत नाही. मी स्वतः हे बायकोला सांगितलं होतं. जरा उपहासानेच, पण सांगितलं होतं.

"आप्पा, चाललं का?" अण्णाने विचारलं.

"आयतु, आयतु," आप्पा म्हणाले, म्हणजे झालं, झालं. मग कीबोर्डवाल्याकडे वळून, "त्ये टेबल हातभर सरकीव. अण्णाला वाकडं बसाय जागा लागती."

कीबोर्डवाल्याने टेबल सरकवलं.

पूजेच्या दिवशी मी श्रोत्यांत बसलो होतो. लाऊडस्पीकर इतके मोठे होते की आक्काच्या हाताचा मोकळेपणा त्यातून निम्माच पोचत होता, पण पोचत होता. मी फोनवर थोडं रेकॉर्ड करून दुकानातल्या दोघांना पाठवलं. बँकवाल्याने लिहिलं, "छान." शेंडीवाल्याने लिहिलं, "सर, हा इंपोर्टेडच आहे, मला शिकवू नका. कुठल्या साली बनवलेला?" मी लिहिलं, गेल्या मंगळवारी, शहापूर. 

दुपारच्या जेवणाला पंगतीत शेजारी एक म्हातारी श्राविका बसली होती. मी गिटारवाल्याचा भाऊ असल्याचं तिला कुणीतरी सांगितलं. "तुमचा अण्णा म्हंजे पुण्यवान," ती म्हणाली. "बाकीची पार्टी लोकांकडं बघती. ह्यो एकटा मूर्तीकडं तोंड करून बसतोय. असं कुनाला सुचतंय?"

लायटीचा बोर्ड, सिंगल कॉइल, दोन गुंडाळ्यांचा हंबकर, सगळं माझ्या जिभेवर आलं. आयुष्यभर मी असल्याच भाकडकथांना टाचण्या लावत आलोय. समोरच्या पंगतीत अण्णा भाताचं आळं करत होता. त्याने ते ऐकलं होतं, आणि मान न उचलता, नुसते डोळे वर करून तो माझ्याकडे बघत होता.

"न्हाय सुचत," मी म्हणालो, आणि आमटी मागितली.